बर्फात जीव तगतो कसा?



वैशाखातल्या उकाड्यात, हातातल्या कार्यक्रमपत्रिकेने वारा घेत बसलेल्या श्रोत्यांपुढे बर्फाविषयी बोलावयास मिळावे, हा वक्त्याच्या दृष्टीने मोठाच योग म्हणावयाचा. व्याख्यान रंगले नाही, तरी विषयाच्या नुसत्या नावाने आपणांस घटकाभर गारवा वाटेल, एवढा भरवसा मला आहे.

आपली थंडीची कल्पना तशी बेताचीच. पारा दहा अंशांवर उतरला की आपण कपाटातले स्वेटर बाहेर काढतो. महाबळेश्वरी वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या पहाटे दवबिंदू गोठले, तर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत त्याचे छायाचित्र येते. याउलट दक्षिण ध्रुवखंडावरील व्होस्टॉक या तेव्हाच्या सोव्हिएट ठाण्यावर २१ जुलै १९८३ रोजी पारा उणे ८९.२ अंशांपर्यंत उतरला होता. अशा प्रदेशात जीव असेलच कशाला, असे आपल्या मनात येईल. व्होस्टॉकच्या पठारावर खरोखरच फारसे काही नाही. परंतु त्याच खंडाच्या किनाऱ्यावर, त्याच्या भोवतीच्या समुद्रात, अलास्काच्या जंगलात, सैबेरियाच्या गोठलेल्या मातीत, इतकेच काय, आपल्या हिमालयाच्या हिमनद्यांवरसुद्धा जीव आहेत. आणि ते कसेबसे दिवस कंठीत आहेत असेही नाही. ते तेथे पिढ्यान् पिढ्या नांदत आहेत. ते तगतात कसे, हे आज आपल्याला पाहावयाचे आहे.

मारते कोण : थंडी की बर्फ?

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. थंडीने जीव मरतो असे आपण सहज म्हणतो. थंडीने शरीरातल्या क्रिया मंदावतात हे खरे. पण मंदावणे म्हणजे मरणे नव्हे. खरा घात होतो तो शरीरातल्या पाण्याचा बर्फ झाल्यामुळे. फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात चुकून राहिलेला टोमॅटो आपण सर्वांनी पाहिला आहे. गोठलेला असतो तोवर तो दगडासारखा टणक व दिसायला साजरा असतो. बाहेर काढून ठेवला की तासाभरात त्याचा लगदा होतो. त्याच्या पेशींच्या भिंती आतून फाटलेल्या असतात. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते, आणि बर्फाचे स्फटिक सुयांसारखे वाढत जातात.

पण याहून मोठा घात निराळ्या मार्गाने होतो. लहानपणी आपण गारेगारची कांडी चोखली असेल. आधी रंग आणि गोडी तोंडात येते आणि शेवटी हातात पांढरा, बेचव बर्फ उरतो. याचे कारण असे, की बर्फ होताना पाणी आपल्यात साखर, मीठ, रंग यांपैकी काहीच सामावून घेत नाही. सर्व बाजूला सारते. शरीरातही हेच घडते. पेशींच्या बाहेरचे पाणी गोठू लागले, की उरलेल्या पाण्यातले क्षार दाट होतात आणि ते दाट पाणी पेशींतले पाणी बाहेर ओढून घेते. पेशी सुकलेल्या बोरासारखी आक्रसते आणि एका मर्यादेपलीकडे तिचा नाश होतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे ती वारंवार लागणार आहे. दूध नुसते ठेवून त्याचे दही होत नाही, त्याला विरजण लागते. बर्फाचेही तसेच आहे. पाणी शून्य अंशाखाली गेले म्हणजे लगेच गोठलेच पाहिजे असे नाही. त्यात धुळीचा कण किंवा बर्फाचा एखादा बारीक स्फटिक पडावा लागतो. अगदी शुद्ध पाण्याचे सूक्ष्म थेंब उणे पस्तीस अंशांच्याही खाली द्रवरूप राहू शकतात. हे विरजण टाळावयाचे, की ते पडले तरी दही लागू द्यावयाचे नाही, की आपल्या सोयीने आपणच ते लावावयाचे, यावर हिमप्रदेशातल्या जिवांचे निरनिराळे पंथ झाले आहेत.

अंगातली शेगडी

सर्वांत उघड पंथ म्हणजे अंगात शेगडी पेटती ठेवणे. आपण त्याच पंथाचे. या पंथातला शिरोमणी म्हणजे दक्षिण ध्रुवखंडावरील सम्राट पेंग्विन. इतर पक्षी उन्हाळा पाहून अंडी घालतात. हा गृहस्थ ऐन हिवाळ्यात, समुद्रावर साचलेल्या बर्फावर संसार मांडतो. मादी एकच अंडे घालते, ते नराच्या स्वाधीन करते आणि समुद्रावर निघून जाते. नर ते अंडे आपल्या पावलांवर घेऊन, वरून पोटाच्या कातडीची घडी पांघरून सुमारे पासष्ट दिवस उभा राहतो. आधीचे विणीचे दिवस धरले, तर जवळजवळ चार महिने त्याच्या पोटात अन्नाचा कण नसतो. साठविलेल्या चरबीवर सगळे चालते.

पण एकट्याची चरबी पुरली नसती. म्हणून हे नर शेकडोंच्या संख्येने एकमेकांना बिलगून उभे राहतात. या घोळक्याच्या आत तापमान तीस अंशांच्याही वर जाऊ शकते! बाहेरच्या कडेचा पक्षी हळूहळू आत येतो आणि आतला बाहेर जातो. कोणी हुकूम सोडीत नाही, कोणी रांग लावीत नाही; परंतु सर्वांना पाळीपाळीने ऊब मिळते. त्यांच्या पायांतली योजनाही पाहण्यासारखी आहे. खाली जाणारे ऊन रक्त आणि वर येणारे थंड रक्त यांच्या वाहिन्या अगदी लगत आहेत. उतरणारे रक्त आपली ऊब वर चढणाऱ्या रक्ताला देऊन टाकते. त्यामुळे पाऊल बर्फावर थंडच राहते, आणि अंगातली ऊब बर्फात वाया जात नाही.

ज्यांना शेगडीचे इंधन परवडत नाही ते ती मंद करतात. उत्तर ध्रुवप्रदेशातली, बिळे करून राहणारी एक खार वर्षातले सात-आठ महिने झोपते. १९८९ साली ब्रायन बार्न्स या अलास्कातील शास्त्रज्ञाने अशा खारींच्या पोटात तापमान मोजणारी यंत्रे बसवून पाहिले, तेव्हा त्यांच्या शरीराचे तापमान उणे २.९ अंशांपर्यंत उतरलेले आढळले. सस्तन प्राण्याचे शरीर शून्याखाली, आणि तरी ते जिवंत! तिचे रक्त गोठत नाही, कारण तेथे विरजण पडलेले नसते. दर दोन-तीन आठवड्यांनी ती कुडकुडत अंग तापवते, दिवसभरही नाही इतका वेळ उबदार राहते आणि पुन्हा थंड होते.

विरजण पडूनही न लागणारे दही

आता समुद्राकडे वळू. खारे पाणी शून्यावर गोठत नाही, सुमारे उणे १.९ अंशांवर गोठते. मटका-आइसक्रीम करणारा बर्फात मीठ घालतो त्याच्या मुळाशी हेच तत्त्व आहे. परंतु माशाचे रक्त समुद्राइतके खारट नसते. सामान्य समुद्री माशाचे रक्त उणे ०.७ ते ०.८ अंशांवर गोठते. म्हणजे ध्रुवीय समुद्रात पाणी पातळ आहे आणि त्यात पोहणारा मासा मात्र गोठायला हवा, असा चमत्कारिक हिशेब निघतो!

पेर शोलांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ साली कॅनडातील लॅब्रेडॉरच्या किनाऱ्यावर या कोड्याचा पहिला धागा सोडविला. खाडीच्या तळाशी, जेथे बर्फाचा कण पोचत नाही, तेथले मासे गोठणबिंदूच्या खाली असूनही खुशाल पोहत होते. त्यांना बर्फाचा नुसता स्पर्श झाला, की ते गोठून मरत. सारांश, ते विरजण टाळून जगत होते.

पण दक्षिण ध्रुवखंडाच्या मॅक्मर्डो सामुद्रधुनीत बर्फ वर आहे, खाली आहे, तळावर आहे; मासा पाण्याचा घोट घेतो त्यातही आहे. तेथे विरजण टाळणे अशक्य. आर्थर डिव्हरीझ हा तरुण अमेरिकन संशोधक १९६० नंतरच्या वर्षांत तेथल्या माशांच्या रक्ताच्या मागे लागला. रक्तातले मीठ मोजले तर ते अर्धाच खुलासा करीत होते. मग उरलेला अर्धा खुलासा कशाचा? १९६९ साली त्याने उत्तर प्रसिद्ध केले. या माशांच्या रक्तात साखरेची जोड असलेले एक प्रथिन असते. ते बर्फाच्या बारीक स्फटिकाला जागोजागी चिकटून बसते आणि त्याची वाढ रोखून धरते. म्हणजे विरजण पडते, पण दही लागत नाही.

हे प्रथिन आले कोठून? १९९७ साली त्याचीही उकल झाली. अन्न पचविणारा जो एक पाचक रस असतो, त्याच्या जनुकाचा एक तुकडा पुनःपुन्हा जुळत जाऊन हे नवे जनुक बनले. स्वयंपाकघरातल्या भांड्याची ढाल करावी तसा हा प्रकार. याहून नवलाची गोष्ट अशी, की पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, उत्तर ध्रुवाकडच्या कॉड माशांच्या रक्तातही जवळजवळ असेच प्रथिन आहे, आणि त्यांचा या माशांशी जवळचा काही संबंध नाही. एकच गरज पडली आणि दोघांनी स्वतंत्रपणे तोच इलाज शोधला.

याच दक्षिण समुद्रात पांढऱ्या रक्ताचा मासा आहे. 'रक्त नसलेल्या' माशाच्या गोष्टी नॉर्वेचे तिमिंगिलांचे शिकारी सांगत, त्यांवर कोणी विश्वास ठेवीत नसे. १९५४ साली योहान रूड यांनी तपासून सिद्ध केले, की या माशाला रक्त आहे, पण त्यात तांबड्या पेशी व रक्ताला लाल करणारे द्रव्य नाही. थंड पाण्यात प्राणवायू भरपूर विरघळतो, तो तसाच रक्तात मुरतो, आणि मोठ्या हृदयाच्या जोरावर हे पातळ रक्त अंगभर खेळत राहते. वेडेल समुद्राच्या तळाशी २०२१ साली अशा माशांची विस्तीर्ण वसाहत सापडली. शास्त्रज्ञांच्या अंदाजाप्रमाणे तेथे सुमारे सहा कोटी घरटी होती.

रक्ताचा पाक करणारा बेडूक

तिसरा पंथ सर्वांत धाडसाचा. बर्फ टाळताही येत नाही आणि रोखताही येत नाही, तर मग त्याला घरात घ्यावयाचे. मात्र बसावयाची जागा आपण दाखवावयाची.

अमेरिकेच्या उत्तर भागापासून अलास्कापर्यंत एक लहानसा रानबेडूक राहतो. हिवाळ्यात तो बिळात जात नाही, तळ्याच्या तळाशीही जात नाही. नुसत्या पालापाचोळ्याखाली बसून राहतो. त्याच्या ओल्या कातडीला बर्फ लागला, की काही मिनिटांतच त्याचे यकृत साठविलेल्या पिष्टाची साखर करून रक्तात सोडू लागते. रक्तातली साखर नेहमीच्या कितीतरी पट, चाळीस पटींच्याही वर चढते. आपल्यापैकी ज्यांना साखरेचा विकार आहे त्यांनी हे ऐकून दचकू नये. बेडकाला ते मानवते. मुरंब्याच्या पाकात जसा बर्फ सहजी होत नाही, तशा या साखरेने भरलेल्या पेशी आतून गोठत नाहीत आणि फार आक्रसतही नाहीत. बर्फ होतो तो पेशींच्या बाहेर, कातडीखाली आणि पोटाच्या पोकळीत.

शरीरातले जवळजवळ ६५ टक्के पाणी गोठते. श्वास थांबतो, हृदय थांबते. हातात घेतला तर खडा वाटावा असा तो टणक होतो. वसंतात बर्फ वितळला, की आधी हृदय चालू होते, मग श्वास, मग पाय. आणि थोड्याच अवधीत हा बेडूक जोडीदाराला साद घालीत तळ्याकडे निघतो. विल्यम श्मिड यांनी १९८२ साली ही गोष्ट प्रथम शास्त्रीय जगापुढे मांडली आणि कॅनडात केनेथ स्टोरी यांनी तिचा आयुष्यभर पाठपुरावा केला. अलास्कातील बेडूक सात महिन्यांपर्यंत गोठून राहतात आणि उणे १८ अंशही सोसतात, असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत दिसून आले.

कित्येक कीटक याच पंथाचे आहेत. त्यांच्यातले काही आपल्या रक्तात मुद्दाम बर्फाचे विरजण बाळगतात. हे वेडेपणाचे वाटेल. पण लवकर आणि सावकाश गोठणे हे उशिरा आणि एकाएकी गोठण्यापेक्षा बरे. सावकाश होणारा बर्फ पेशींच्या बाहेरच राहतो.

आता यात आपला काय संबंध, असे कोणी विचारील. फार निकटचा आहे. १९४९ साली लंडनजवळच्या मिल हिल येथील प्रयोगशाळेत पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स हे तिघे कोंबड्याचे वीर्य गोठवून जिवंत ठेवण्याच्या खटपटीत होते. साखरेची म्हणून एक बाटली त्यांनी घेतली आणि प्रयोग अनपेक्षितपणे यशस्वी झाला. पुढे पाहिले तो बाटलीत साखर नव्हतीच; चिठ्ठी बदलली होती आणि आत ग्लिसरीन होते! यानंतर दहा वर्षांच्या आत असे आढळून आले, की हिवाळ्यात कित्येक कीटक आपल्या अंगात हेच ग्लिसरीन तयार करीत असतात. प्रयोगशाळेला जे चुकून सापडले, ते किड्यांना लाखो वर्षांपासून ठाऊक होते.

त्या चुकीचे फळ आपल्या खेडोपाडीच्या गोठ्यांत येऊन पोचले आहे. गाईम्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवलेल्या ज्या कांड्या येतात, त्यांतल्या वीर्याला ग्लिसरीनचेच कवच असते. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या 'बाएफ' संस्थेने संकरित गाईंचा जो प्रसार केला, तो अशाच गोठविलेल्या वीर्याच्या बळावर.

परंतु सुट्या पेशी गोठविणे निराळे आणि अख्खे इंद्रिय गोठविणे निराळे. एखाद्या दिवंगत माणसाचे हृदय त्याच्या घरच्यांनी उदार मनाने दिले, तर ते साध्या थंड पेटीत चार-सहा तासच टिकते. म्हणूनच पुण्याहून मुंबईला हृदय न्यावयाचे झाले तर पोलीस सारा रस्ता मोकळा करतात. मूत्रपिंड फार तर दीड दिवस थांबते. आणि तिकडे पाचोळ्याखालचा बेडूक हृदय, यकृत, मूत्रपिंड सारे एकदम गोठवून महिनोन् महिने पडून राहतो! अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी उंदरांची मूत्रपिंडे, स्फटिक होऊ न देता काचेसारखी थिजवून, शंभर दिवसांपर्यंत ठेवली आणि पुन्हा ऊब देऊन उंदरांत बसवली. ती कामाला लागली. हे यश २०२३ सालचे आहे. माणसाच्या इंद्रियापर्यंतची वाट अजून लांब आहे. पण ती जाते कोणत्या दिशेने, हे या बेडकाने दाखविले आहे.

बर्फ हेच शेत

येथवर आपण बर्फाला शत्रू मानून बोललो. परंतु हिमप्रदेशातल्या पुष्कळ जिवांचा तो आधारही आहे. समुद्राचे पाणी गोठते तेव्हा त्यातले मीठ बाहेर सारले जाते, हे आपण गारेगारच्या कांडीवरून पाहिले. हे मिठवणी बर्फातल्या केसाएवढ्या बारीक नळ्यांतून साठते. फार खारे असल्यामुळे ते गोठत नाही. या नळ्यांत सूक्ष्म शेवाळ वाढते, इतके, की समुद्रातला बर्फ उलटा करून पाहिला तर खालची बाजू तपकिरी दिसते. हिवाळ्यात क्रिल नावाच्या कोळंबीसारख्या जिवाची पिले बर्फाच्या या छतावर चरतात. क्रिलवर मासे, सील, पेंग्विन आणि तिमिंगिले जगतात. थोडक्यात, त्या समुद्राची शेती बर्फाच्या पोटात होते.

असे सूक्ष्म जीव किती थंडीपर्यंत कामात राहतात? कॅनडाच्या अतिउत्तरेकडील सदैव गोठलेल्या मातीत सापडलेला एक जंतू उणे १५ अंशांवरही वाढतो. २०१३ च्या जानेवारीत दक्षिण ध्रुवखंडावर सुमारे ८०० मीटर जाडीच्या बर्फाला भोक पाडून व्हिलन्स या तळ्याचे पाणी वर काढले, तेव्हा सूर्यप्रकाशाशिवाय नांदणारी जिवंत वस्ती तेथे मिळाली. नेपाळमधल्या एका हिमनदीवर जपानी शास्त्रज्ञ कोशिमा यांना एक चिलटासारखा कीटक आढळला. तो उणे १६ अंशांवरही बर्फात चालतो, असे त्यांनी १९८४ साली प्रसिद्ध केले. आणि थंडीत नुसते वाट पाहणे किती काळ चालते, याचा दाखला सैबेरियातून आला. तेथे एका खारीने बिळात साठवून ठेवलेल्या, सुमारे ३२,००० वर्षांच्या फळांतील पेशींपासून रशियन शास्त्रज्ञांनी रोपे वाढविली, त्यांना पांढरी फुले आली, हे २०१२ साली जाहीर झाले.

बर्फ गेला तर?

इतके सोसणाऱ्या जिवांची आपण काळजी कशाला करावी, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण येथेच खरी मेख आहे. जो जीव एका संकटाशी इतका नेमका जुळून गेला, त्याला ते संकट सरल्यावर परत फिरता येत नाही. मॅक्मर्डोच्या माशांवर १९६७ साली केलेल्या प्रयोगांत दिसून आले, की उणे दोन अंशांजवळ सुखाने राहणारे हे मासे सहा अंशांच्या सुमारास उष्म्याने मरतात. सहा अंश म्हणजे आपल्या फ्रीजमधल्या पाण्याच्या बाटलीइतकी थंडी. त्यांच्या दृष्टीने तो वैशाखवणवा.

सम्राट पेंग्विनची गोष्ट अधिक दुःखाची आहे. पिलांच्या अंगावर पाणी न शिरणारी पिसे यावयास डिसेंबर-जानेवारी उजाडतो. तोवर पायाखालचा बर्फ टिकला पाहिजे. २०२२ साली बेलिंग्सहाउझेन समुद्रातला बर्फ त्याआधीच फुटला. त्या भागातल्या पाच वसाहतींपैकी चार वसाहतींत त्या वर्षी एकही पिलू बहुधा वाचले नाही, असा निष्कर्ष उपग्रहाच्या छायाचित्रांवरून निघाला. आपल्या बापांनी चार महिने उपाशी राहून जी थंडी परतविली, त्या थंडीने ही पिले मेली नाहीत. थंडी अकाली सरली म्हणून ती बुडाली.

हा बर्फ वितळविणारा उष्मा आकाशातून आपोआप पडलेला नाही. आपण जाळलेला कोळसा आणि तेल यांचा धूर त्याच्या मुळाशी आहे, आणि त्यात आपल्या शहराचाही वाटा आहे. मॅक्मर्डो आपल्यापासून दूर आहे म्हणून आपला संबंध नाही, असे म्हणून सुटका होणार नाही. आपल्या देशाने १९८१ साली दक्षिण ध्रुवखंडावर पहिली मोहीम पाठविली. आज तेथे मैत्री आणि भारती ही आपली ठाणी आहेत, आणि या संशोधनाचे केंद्र आपल्या शेजारीच, गोव्यात वास्को येथे आहे. आपली तरुण मुले तेथे जाऊन हे जीव पाहू शकतात. आजच्या श्रोत्यांत बसलेल्या एखाद्या विद्यार्थ्याला तशी इच्छा झाली, तर या व्याख्यानाचे चीज झाले असे मी समजेन. मात्र तो तेथे पोचेल तेव्हा त्याला पाहावयास काय उरलेले असेल, हे बरेचसे आपल्यासारख्या वडीलधाऱ्यांच्या वागण्यावर अवलंबून आहे.